सरांचं वळण

सरांच्या तोंडातले दात थोरलीने केलेले होते आणि थोरलीच्या अंगातलं कराटे सरांनी. त्यामुळे आपली फिटंफाट झाली, असं सर म्हणायचे. त्यावर ती म्हणायची, “कवळी काही वर्षांनी बदलावी लागते सर. तुमचं काम अजून तसंच आहे.”

थोरली हे काही तिचं नाव नव्हे. वर्गात ती सगळ्यांत जुनी, म्हणून थोरली. सरांकडे आली तेव्हा फ्रॉकमध्ये होती, आता केसांना रंग लावत होती. दिवसभर ती दातांच्या लॅबमध्ये बसायची. दवाखान्यांतून प्लास्टरचे जबडे यायचे, त्यांवर गुलाबी मेण चढवायचं, एकेक दात बसवायचा, घासायचा, चकचकीत करायचा. संध्याकाळी हात धुऊन, तरी नखांत थोडं प्लास्टर राहिलेलं, अशी ती टायरच्या दुकानाशेजारचा जिना चढून वर हॉलमध्ये यायची. त्या हॉलला बारा महिने रबराचा वास. नवीन माणूस नाक मुरडायचा आणि महिन्याभरात त्याला तो वास घरच्यासारखा वाटायला लागायचा.

नवीन कुणी आलं की सर त्याला समोर बसवून तीन पायऱ्या सांगायचे. शु, हा आणि री. शब्द जपानी. पहिला उच्चारला की पोरंच काय, चांगली बाप्येमाणसंही फिसकन हसायची. सर हसू द्यायचे. “झालं हसून? आता ऐका. ‘शु’ म्हणजे पाळायचं. मी करतो तसं करायचं, का म्हणून विचारायचं नाही. ‘हा’ म्हणजे मोडायचं. पाळून पाळून अंगात मुरलं की मग आपलं डोकं चालवायचं. आणि ‘री’ म्हणजे सोडायचं. नियमाला सोडायचं, मलाही सोडायचं. मग तुम्ही कराल ते बरोबर.”

“आणि सर, तुम्ही कुठल्या पायरीवर?” असं कुणीतरी विचारायचंच.

“मी अजून पहिलीवर. माझे गुरू वारले, म्हणून रागवायला कुणी नाही, इतकंच.”

थोरली दुसऱ्या पायरीवर होती. म्हणजे कुणी तसा शिक्का मारला नव्हता, पण सर तिला कधीमधी म्हणायचे, “तुझं तू बघ आता,” आणि तिला ते ऐकायला आवडत नसे. तिला काही मोडायचं नव्हतं. सर करतील तसं हुबेहूब करावं, हात तिथेच जावा, टाच तिथेच फिरावी, यातच तिला इतकं सुख होतं की पुढच्या पायरीचं नाव काढलं तरी ती विषय बदलायची.

वर्गात एक मोठा काता शिकवायचे. काता म्हणजे ठरलेल्या हालचालींची साखळी. समोर कुणी नसताना चहूबाजूंच्या शत्रूंशी एकट्याने करायची मारामारी. सरांच्या गुरूंनी तो सरांना दिला, सरांनी यांना दिला. त्याची गंमत अशी की जिथून सुरुवात करायची तिथेच तो संपतो. पाऊलभर जरी इकडेतिकडे झालं तरी समजायचं, मध्ये कुठेतरी वळण चुकलं.

गेल्या थंडीत एका संध्याकाळी सर हा काता करून दाखवत होते. कोपराचा फटका झाला. आता डावीकडे वळायचं. सर वळले नाहीत. उभे राहिले. खाली टायरच्या दुकानात कुणीतरी हवा भरत होतं, तेवढाच आवाज. मग सरांनी सुरुवातीची पावलं पुन्हा टाकायला घेतली, तेच फटके, तेच वार अडवणं, आणि काता संपला तेव्हा ते खिडकीशी पोचले होते, पडद्याला नाक लागेल इतके जवळ. ते तसेच थोडा वेळ पडद्याकडे बघत राहिले.

वर्ग ओळीने बसून बघत होता. मागून वकील कुजबुजला, “पोचले! सर तिसरीला पोचले!”

हा वकील पोटाने मोठा आणि वाचनाने त्याहून मोठा. त्याची लाथ गुडघ्याच्या वर जात नसे, पण कराटेच्या तत्त्वज्ञानावर बोलायला लागला की समोरच्याची सुटका नसे. त्या दिवशी जिन्यावर त्याने सगळ्यांना समजावलं. थांबणं म्हणजे शून्य. पुन्हा सुरुवात म्हणजे मुळाकडे परतणं. खिडकी म्हणजे, आता खिडकी म्हणजे काय हे काय सांगायला हवं? सगळ्यांनी माना डोलावल्या. आणि खरं सांगायचं तर थोरलीच्याही अंगावर काटा आला होता. आपले सर नियमाच्या पलीकडे गेले, आणि आपण ते डोळ्यांनी बघितलं, या आनंदात ती त्या दिवशी घरी चालत गेली.

दुसऱ्या दिवसापासून वर्गही तसाच करायला लागला. कोपराचा फटका, थांबा, पुन्हा सुरुवात, आणि शेवटी सगळे खिडकीशी गोळा. रस्त्यावर अपघात झाल्यावर घरातली माणसं डोकावतात तशी. कुणी काही विचारलं नाही. विचारायचं नसतं, हेच तर ते इतकी वर्षं शिकले होते. शिस्तीचा वर्ग होता, त्याचं हे फळ.

पुढच्या आठवड्यात सर दुसऱ्याच ठिकाणी थांबले. त्याच्या पुढच्या आठवड्यात तिसऱ्या. वर्ग त्यांच्या मागे मागे, कधी भिंतीवर, कधी एकमेकांवर आदळत. “मुक्त झाले सर, मुक्त!” वकील कपाळाला आलेलं टेंगूळ चोळत म्हणाला.

एका रविवारी सकाळी काकूंचा, म्हणजे सरांच्या बायकोचा, फोन आला. कवळी टोचतेय, जेवता येत नाही, जरा येऊन जाशील का? थोरली घासायचं छोटं यंत्र पिशवीत टाकून गेली.

सर खाटेवर बसले होते. सदऱ्याची बटणं एक सोडून एक लागलेली. तिला बघून त्यांचा चेहरा उजळला. “ये थोरले,” म्हणाले, आणि तिचा जीव हलका झाला. हातात कवळी होती. ते ती उलटीपालटी करून बघत होते. वरची खाली बसवायचा प्रयत्न केला, मग खालची वर. हिरडीला रक्त आलेलं होतं. मग त्यांनी तिच्यापुढे तळहात धरला.

“हे असं घालतात, की असं?”

थोरलीने आयुष्यभर जबडे बघितले होते. वरचा कुठला आणि खालचा कुठला हे तिला झोपेतही कळलं असतं. पण तिने नुसती कवळी त्यांच्या हातातून घेतली. कवळीत घासण्यासारखं काहीच नव्हतं. तिने ती धुतली, सरांचं तोंड उघडायला लावलं आणि एकेक करून बसवली. “आता बरं वाटतंय,” सर म्हणाले. “तुझ्या हाताला गुण आहे.”

काकू स्वयंपाकघरात ओट्याला टेकून उभ्या होत्या.

“कळलं ना तुला?” त्यांनी विचारलं.

“कधीपासून, काकू?”

“बरेच दिवस झाले. डॉक्टर म्हणाले, हे असंच उतरत जाणार. परतीची वाट नाही.” काकूंनी पदराने डोळे पुसले नाहीत, काही नाही. ते सगळं आधी होऊन गेलं असावं. “घरात त्यांना संडास सापडत नाही गं. काल मला विचारलं, तुम्ही इथे कामाला आहात का? पण संध्याकाळ झाली की आपला पोशाख आपण घालतात. पट्ट्याची गाठ बघ कधी, एकदाही चुकली नाही. जिना चढले की पाठ ताठ होते. तेवढा वेळ मला माझा नवरा परत मिळतो. मी त्या कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून नुसती बघत असते.”

“पण तिथेही चुकायला लागलेत ते.”

“माहीत आहे. मी काही शिकले नाही, पण इतकी वर्षं बघतेय.” काकू जवळ आल्या. “तुम्ही सगळे त्यांच्या मागनं तसंच करता ना, तेव्हा त्यांना वाटतं आपलं बरोबर आहे. किती खुशीत घरी येतात. कुणाला सांगू नकोस. शपथ आहे तुला माझी.”

“आपल्या वर्गातल्या नर्सची परीक्षा आहे हो काकू पुढच्या महिन्यात. काळ्या पट्ट्याची. बाहेरचे परीक्षक येणार, तिला हाच काता करायचाय. ती नापास होईल. आणि ते सरांना सगळ्यांसमोर विचारतील, हे काय शिकवलंत?”

“ते मला काही सुचत नाही,” काकू म्हणाल्या. “तू त्यांची थोरली ना? बघ तूच काहीतरी.”

थोरली काय बघणार होती? सरांना सांगावं तर त्यांचा उरलासुरला आधार आपल्याच हाताने काढून घ्यायचा. न सांगावं तर महिन्याभरात परीक्षकांसमोर त्यांचा पंचनामा. इतरांना सांगावं तर काकूंची शपथ. लॅबमध्ये बसून ती विचार करायची आणि दात वाकडे लागायचे. मालकाने दोनदा काम परत दिलं.

तिने वकिलाला जिन्यात गाठलं. आजाराचं सांगता येत नव्हतं, म्हणून आडून आडून म्हणाली, “सरांचं वळण चुकतंय, असं नाही वाटत तुम्हाला?”

वकिलाने तिच्याकडे इतक्या मायेने बघितलं की तिला त्याला जिन्यावरून ढकलून द्यावंसं वाटलं. “थोरले, तू दुसऱ्या पायरीवर अडकलीस. तिसरीवरचं दुसरीवरनं चुकल्यासारखंच दिसतं. सोपं नसतं गं, गुरू पुढे गेला की शिष्याला त्रास होतोच.” आणि वर तिच्या पाठीवर थाप मारली.

ज्या वर्गात चूक नावाची गोष्टच गुरूकडे असू शकत नाही, तिथे गुरू चुकतोय हे कुठल्या तोंडाने सिद्ध करायचं? तिला पहिल्यांदाच त्या तीन पायऱ्यांचा राग आला. कुणीतरी चौथी पायरी सांगायला हवी होती. सगळं चढून झाल्यावर माणूस खाली येतो, एकेक पायरी, आणि तेव्हा खाली उभ्या असलेल्यांनी काय करायचं असतं, ते कुणी सांगून ठेवलेलं नव्हतं.

शेवटी तिने चोरी केली. नर्सला लॅबमध्ये बोलावलं. नर्स म्हणजे रोखठोक बाई, सरकारी दवाखान्यातली, दिवसाची पाळी संपवून वर्गाला येणारी. नर्सच्या रजेच्या दिवशी, जेवणाच्या सुट्टीत टेबलं बाजूला सरकवून, फळीवरच्या ओळीने मांडलेल्या जबड्यांच्या समोर थोरलीने तिला मूळ काता शिकवला. कोपर, मग डावीकडे. थांबायचं नाही. संपवायचं तिथेच, जिथे सुरू केलं.

“मग सर वेगळं का करतात?” नर्सने विचारलं.

“परीक्षेत हे कर. वर्गात ते करतात तसं.”

“म्हणजे दोन-दोन?” नर्सने घाम पुसला. “माझ्या अंगाला दोन नाही जमणार, थोरले. एक काय ते सांग.”

थोरलीने सांगितलं नाही. नर्सला ते पटलं नाही. आणि ती काही मनात ठेवून बसणाऱ्यांतली नव्हती.

पुढच्याच वर्गात, सगळे ओळीने बसलेले असताना, नर्स गुडघ्यावर उठली. “सर, एक विचारते. थोरली डावीकडे वळायला सांगते. आपण इथे थांबतो. परीक्षेला खरं कुठलं करू?”

प्रश्न विचारला होता, तोही सरांना, तोही असा. वकिलाने कपाळावर हात मारून घेतला. कोपऱ्यातल्या स्टुलावर काकू अर्धवट उठल्या आणि तशाच राहिल्या.

सर खुर्चीत बसले होते. रागावले नाहीत. त्यांनी थोरलीकडे बघितलं आणि हाताने खूण केली. दाखव.

ती मध्ये येऊन उभी राहिली. नमस्कारासाठी वाकली आणि वाकल्या वाकल्या तिने ठरवून टाकलं. सरांसारखं करायचं. थांबायचं, पुन्हा सुरू करायचं, खिडकीशी जाऊन उभं राहायचं. नर्स नापास झाली तर होऊ दे, पुन्हा बसेल परीक्षेला. सर पुन्हा कुठे मिळणार? काकूंकडे बघून तिने किंचित मानही हलवली.

आणि तिने सुरू केलं. पहिली अडवण, फटका, पाऊल. इतक्या वर्षांत घासून घासून गुळगुळीत झालेल्या हालचाली. कोपर आलं. आता थांबायचं, असं तिने अंगाला सांगितलं. अंग थांबलं नाही. टाच फिरली, कंबर फिरली, ती डावीकडे वळली. त्या अंगाला सरांनीच घडवलं होतं, आणि खोटं वळण त्याला येत नव्हतं. वळल्यावर तिला रडू फुटायला आलं, पण मध्येच सोडता येईना. ती पुढे करत गेली.

करता करता तिला खुर्ची दिसली. सरांचे हात हलत होते. मांडीवर, बारीकसे, पण बरोबर. तिचा हात उचलला जायच्या क्षणभर आधी त्यांचा उचलला जात होता. पुढचं वळण आलं तेव्हा त्यांची टाच जमिनीवर फिरली, बरोबर फिरली. आहे, सगळं आहे आत! गेलेलं नाही! डॉक्टरला काय कळतंय! तिने उरलेला काता असा केला, जसा जन्मात केला नव्हता. संपवला, आणि ती सुरुवातीच्याच जागी उभी होती.

सर उठले. डोळ्यांत पाणी होतं. सावकाश तिच्यासमोर आले आणि कमरेत वाकले. वर्गातल्या कुणापुढे ते इतके कधी वाकले नव्हते.

“फार स्वच्छ,” ते म्हणाले. “फार दिवसांनी असं बघायला मिळालं. कुणाकडे शिकलात बाई तुम्ही?”

ओळीत खसखस पिकली. “काय प्रश्न टाकलाय सरांनी! वा!” वकील म्हणाला. नर्सने त्याचं मनगट असं पकडलं की तो एकदम गप्प झाला. तिने त्या एका वाक्यात ओळखलं होतं, दवाखान्यात ती असे पेशंट रोज बघत होती. ती खाली मान घालून बसली.

थोरलीही त्यांच्यापुढे वाकली. “एक सर आहेत माझे,” ती म्हणाली. “इथे जवळच.”

“अजून शिकवतात?”

“शिकवतात.”

“वय झालं असेल.”

“हो. हल्ली थोडं विसरायला होतं त्यांना.”

सरांनी मान हलवली. मग एक पाऊल पुढे येऊन, वर्गाला ऐकू जाऊ नये इतक्या हळू आवाजात म्हणाले, “मग सांभाळून घ्या हो. चूक काढू नका त्यांची. चारचौघांत तर नाहीच. कळत असतं त्यांना. फार लागतं.”

“नाही काढणार,” थोरली म्हणाली.

सरांनी समाधानाने टाळी वाजवली आणि वर्गाकडे वळले. सगळ्यांवरून नजर फिरवली, ती पहिल्या ओळीतल्या रिकाम्या जागेवर थांबली.

“थोरली आली नाही का आज? तिने बघायला हवं होतं हे.”

वकिलाचं तोंड उघडं राहिलं होतं. काकू स्टुलावर बसल्या होत्या आणि दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले होते.

“येईल, सर,” थोरली म्हणाली.

“उशीर नाही करत ती कधी,” सर म्हणाले, आणि जिन्याच्या दाराकडे बघत उभे राहिले.